घटस्फोटात घर, कर्ज आणि सोनं कसं वाटायचं: क्रम चुकला की पुढची वर्षं निस्तरण्यात जातात

संमतीने घटस्फोट घेणारं जोडपं बहुतेक वेळा भांडून दमलेलं असतं. ‘फ्लॅट तुझा, कर्जही तुझं, दागिने ज्याचे त्याला’ असं चार ओळींत ठरतं. वकील ते कन्सेंट टर्म्समध्ये (दोघांनी मान्य केलेल्या अटींच्या, न्यायालयात द्यायच्या कागदात) घालतात, हुकूमनामा (न्यायालयाचा घटस्फोटाचा अंतिम आदेश) होतो आणि दोघंही सुटलो म्हणतात. पुढे हप्ते थकतात तेव्हा बँकेची नोटीस दोघांच्याही नावाने येते. ‘माझा काय संबंध, कोर्टाने कर्ज त्याच्यावर टाकलंय’ या उत्तराने बँकेला फरक पडत नाही.

बँक, सोसायटी आणि दुय्यम निबंधक (दस्तांची नोंदणी करणारे सरकारी अधिकारी) हे तुमच्या कन्सेंट टर्म्समध्ये पक्षकार नसतात. म्हणून कर्ज आधी, मालमत्ता नंतर आणि हुकूमनामा शेवटी, हा क्रम पाळायचा. लोक नेमका उलटा क्रम धरतात.

इथे महाराष्ट्रातली, हिंदू विवाह कायदा १९५५ किंवा विशेष विवाह कायदा १९५४ खाली संमतीने वेगळी होणारी जोडपी गृहीत धरली आहेत. गोव्यातले आणि परदेशातले मुद्दे टप्पा ७ नंतर थोडक्यात आहेत.

सुरुवातीला एक गैरसमज दूर करा

लग्नानंतर कमावलेल्या सगळ्यात बायकोचा अर्धा वाटा असतो, असं पुष्कळांना वाटतं. महाराष्ट्रात तसा कायदा नाही. मालमत्ता कुणाच्या नावावर आहे आणि तिच्यासाठी पैसे कुणी भरले, यावर हक्क ठरतो. दोघांच्या नावावरच्या फ्लॅटच्या खरेदीखतात हिस्से लिहिलेले नसतील, तर ज्याने जितके पैसे घातले त्या प्रमाणात हिस्सा धरतात आणि पुरावा नसेल तर समसमान. पोटगी हा वेगळा हक्क आहे, त्याची मालमत्तेच्या वाटणीशी गल्लत करू नका. संमतीच्या घटस्फोटात तुम्हाला काय मिळणार हे कन्सेंट टर्म्सच्या कागदावरच ठरतं. तिथे जे लिहायचं राहिलं, ते नंतर वेगळा दावा लावून मागावं लागतं.

टप्पा १: यादी करा आणि एक तारीख ठरवा

वाटाघाटीला बसण्याआधी दोघांनी एकच तारीख पक्की करा, उदाहरणार्थ महिन्याची अखेर. सगळ्या शिल्लक रकमा त्या तारखेच्या लिहा. नाहीतर एकाच्या यादीत मार्चची एफडी असते, दुसऱ्याच्या यादीत जूनचं कर्ज असतं आणि हिशेब कधीच जुळत नाही.

मालमत्तेसाठी जमवायचे कागद: खरेदीखत आणि इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा दस्ताचा गोषवारा), सोसायटीचं भागपत्र (शेअर सर्टिफिकेट), जमीन असेल तर सातबारा, शहरात मिळकत पत्रिका, एफडीच्या पावत्या, म्युच्युअल फंडांचं एकत्रित विवरण, पीएफचं पासबुक, विम्याच्या पॉलिसी, गाड्यांची आरसी.

कर्जासाठी: मंजुरीपत्र, आजवरचा खातेउतारा आणि बँकेकडून ‘आज पूर्ण फेडायचं तर किती’ हे सांगणारं फोरक्लोजर पत्र. खातेउताऱ्यातली शिल्लक आणि फोरक्लोजरची रक्कम यांत फरक असतो. वाटणीसाठी फोरक्लोजरची रक्कमच धरा.

त्यानंतर दोघांनी आपापला क्रेडिट रिपोर्ट काढा. प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. विसरलेलं क्रेडिट कार्ड, मेहुण्याच्या कर्जाला राहिलेली जामिनकी, मोबाइलसाठी घेतलेलं हप्त्याचं कर्ज, सगळं त्यात निघतं. एवढ्या एका कागदाने पुढचे निम्मे वाद टळतात, तरी बहुतेक जण तो काढतच नाहीत.

*तपासा:* यादीत हातउसने, भिशीचे राहिलेले हप्ते, पतसंस्थेतली जामिनकी आणि कुणाला दिलेले कोरे चेक आले का? ही देणी क्रेडिट रिपोर्टमध्ये दिसतीलच असं नाही, ती आठवूनच लिहावी लागतात.

समोरची व्यक्ती माहिती लपवते आहे असं वाटत असेल आणि पोटगीचा अर्ज चालू असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या ‘रजनेश विरुद्ध नेहा’ निकालानुसार दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी जाहीर करणारं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. ते नीट वाचून आपल्या यादीशी ताडून बघा.

टप्पा २: गळती थांबवा

यादी झाली की त्याच आठवड्यात ही कामं उरका.

संयुक्त खातं ‘दोघांपैकी कुणीही’ या पद्धतीचं असेल तर बँकेला लेखी पत्र देऊन ते ‘दोघांच्या सहीने’ करून घ्या. त्यासाठी दुसरा तयार नसेल, तर एकट्यालाही बँकेला लिहून खात्यावरचे व्यवहार थांबवायला सांगता येतं. घरकर्जाचा हप्ता त्याच खात्यातून जात असेल तर आधी त्याची दुसरी सोय करा, नाहीतर खातं गोठवण्याच्या नादात हप्ताच चुकतो. अ‍ॅड-ऑन क्रेडिट कार्ड बंद करा, ओव्हरड्राफ्टची मर्यादा गोठवा.

लॉकर दोघांनी मिळून उघडा. दोन्हीकडचं एकेक माणूस सोबत असू द्या. प्रत्येक दागिन्याचा फोटो काढा आणि ‘पाटल्यांचा एक जोड, २२ कॅरेट, वजन इतके ग्रॅम, माहेरचा’ अशा नोंदी करा. मोती-खड्यांचं वजन सोन्यात धरू नका. यादीच्या प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या घ्या. ‘अंदाजे २५ तोळे’ असं मोघम लिहिलंत तर पुढे ठुशी होती की नव्हती यावर भांडण होणार.

*सावधान:* या काळात एफडी मोडून भावाच्या खात्यावर टाकणं, गाडी मित्राच्या नावावर करणं, असले उद्योग करू नका. बँकेच्या उताऱ्यात ते तारखेसकट दिसतात आणि न्यायालयात तुमच्या शब्दाची किंमत उरत नाही.

टप्पा ३: वाटायचं काय आणि वाटायचं नाही काय

स्त्रीधन वाटणीत येत नाही. लग्नात, लग्नाआधी किंवा नंतर तिला मिळालेले दागिने, भेटी आणि पैसे तिचेच. नवऱ्याकडे किंवा सासरी ते ठेवलेले असतील तर ती फक्त ठेव असते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच स्पष्ट केलं आहे. स्त्रीधन परत दिलं म्हणजे नवऱ्याने ‘सेटलमेंट’ दिली असं होत नाही. वाटाघाटीत ‘दागिने दिले ना, मग पोटगी कशाला’ हे वाक्य हमखास येतं. ते मान्य करू नका.

लग्नात दोघांना मिळून आलेला आहेर, फ्रिज, फर्निचर वगैरेंबाबत हिंदू विवाह कायद्याच्या कलम २७ खाली न्यायालय आदेश देऊ शकतं. पण जुन्या फ्रिजसाठी तारखा घालवण्यात अर्थ नाही. एका कागदावर वाटून टाका.

सासू-सासऱ्यांच्या नावावरच्या घरात सुनेला मालकी मिळत नाही. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ खाली तिथे राहण्याचा हक्क मात्र असू शकतो. मालकी आणि राहण्याचा हक्क या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

नवऱ्याच्या वडिलोपार्जित जमिनीत घटस्फोट घेणाऱ्या बायकोला हिस्सा मागता येत नाही. मुलांचा हक्क मात्र आईवडिलांच्या घटस्फोटाने जात नाही. मुलीचाही नाही. ‘मुलं कोणताही हक्क मागणार नाहीत’ असं कन्सेंट टर्म्समध्ये लिहून अज्ञान (१८ वर्षांखालच्या) मुलांचा हिस्सा सोडता येत नाही, त्यासाठी न्यायालयाची स्वतंत्र परवानगी लागते. मुलांची पोटगीही आईने सोडून देण्याची गोष्ट नाही.

टप्पा ४: आधी कर्ज

प्रत्येक कर्जापुढे तीन प्रश्न लिहा: कर्जदार कोण, सहकर्जदार किंवा जामीनदार कोण, तारण काय?

एकट्याच्या नावावरच्या, दुसऱ्याची सही नसलेल्या कर्जाला दुसरा जबाबदार नसतो. नवऱ्याच्या वैयक्तिक कर्जासाठी वसुलीवाले बायकोच्या माहेरी फोन करत असतील तर त्यांना तसं लेखी कळवा. तुमची सही असेल, तर मात्र बँक पूर्ण रक्कम तुमच्या एकट्याकडूनही मागू शकते. ‘माझा अर्धाच वाटा’ हे आपापसातलं झालं, बँकेला ते लागू नाही.

सहकर्जदाराचं नाव काढणं हे बँकेत अर्ज देऊन संपणारं काम नाही. जो राहतो त्याच्या एकट्याच्या पगारावर बँक पात्रता पुन्हा तपासते. म्हणून कन्सेंट टर्म्सचा मसुदा करण्याआधी बँकेत जाऊन विचारा आणि उत्तर लेखी घ्या. बँकेने नकार दिला तर दुसऱ्या बँकेत एकट्याच्या नावावर कर्ज हलवता येतं. तेही जमत नसेल, तर ते घर त्या व्यक्तीने ठेवणं परवडत नाही हे मान्य करावं लागतं. बदलत्या दराच्या घरकर्जावर व्यक्तीकडून मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही, त्यामुळे निदान त्या भीतीने अडून राहू नका.

गोल्ड लोनकडे वेगळं लक्ष द्या. बायकोचे दागिने नवऱ्याच्या नावावर गहाण ठेवलेले असतात आणि यादीत ते ‘लॉकरमध्ये’ असं लिहिलं जातं. कर्ज फेडून दागिने हातात आल्याशिवाय ‘स्त्रीधन मिळाले’ या ओळीखाली सही करू नका.

*तपासा:* ज्या कर्जातून तुम्ही बाहेर पडणार आहात, त्या प्रत्येकासाठी बँकेचं मुक्ततेचं पत्र कोणत्या तारखेपर्यंत मिळणार हे लिहून झालं का?

टप्पा ५: घराचा हिशेब कागदावर मांडा

समजा, फ्लॅटची आजची किंमत ८० लाख आणि फोरक्लोजरची रक्कम ४४ लाख. वाटायला उरतात ३६ लाख. समान हिस्सा धरला तर प्रत्येकी १८. सुरुवातीच्या रकमेत बायकोच्या वडिलांनी ६ लाख घातले असतील आणि ते तिला परत द्यायचे असं ठरलं, तर ६ आधी बाजूला, उरलेल्या ३० चे प्रत्येकी १५.

आता घर बायकोने ठेवायचं म्हटलं, तर समान हिश्श्याच्या हिशेबाने तिला ४४ लाखांचं कर्ज अंगावर घ्यायचं आहे आणि नवऱ्याला १८ लाख द्यायचे आहेत. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी ४४ लाखांचा हप्ता साधारण ३८ हजार होतो. ते १८ लाखही कर्जातूनच उभे करायचे असतील, तर ६२ लाखांवर हप्ता जवळजवळ ५४ हजार. हातात येणाऱ्या पगाराच्या निम्म्यापर्यंत हप्ते बसावेत असं धरलं, तर तिला महिन्याला लाखाच्या वर पगार हवा. तो ७० हजार असेल तर घराची माया कितीही असली तरी हा पर्याय टिकत नाही. मुलांची शाळा जवळ आहे म्हणून घर ठेवलं आणि दीड वर्षात विकावं लागलं, तर मुलांची ओढाताण दोनदा होते.

विकायचं ठरलं तर ८० लाखांतून कर्जाबरोबर दलाली, सोसायटीची थकबाकी आणि भांडवली नफ्यावरचा करही वजा करा, मग वाटा. घर २४ महिन्यांहून जास्त काळ ठेवलं असेल तर नफा दीर्घ मुदतीचा धरतात. कर प्रत्येकाने आपल्या हिश्श्यावर भरायचा असतो.

‘दोघांच्या नावावर राहू दे, मुलगी मोठी झाली की बघू’ हा तिसरा पर्याय दिसायला सोपा आहे. माझं मत स्पष्ट आहे: कर्ज चालू असताना हे करू नका. कर्ज नसेल तर करायला हरकत नाही, पण मेंटेनन्स कोण भरणार, भाडं कुणाचं आणि कोणत्या तारखेला विकायचं, हे लिहूनच.

टप्पा ६: कन्सेंट टर्म्स नेमक्या शब्दांत

नेहमी दिसणारी ओळ अशी असते: ‘पती सदर सदनिकेवरील कर्जाची परतफेड करील.’ ही ओळ अपुरी आहे. तीत तारीख नाही, चुकलं तर काय हे नाही आणि बायकोच्या मुक्ततेचा उल्लेख नाही. त्याऐवजी असं लिहून घ्या:

‘पती दिनांक ___ पर्यंत ___ बँकेतील कर्ज खाते क्रमांक ___ पूर्ण फेडील किंवा एकट्याच्या नावावर करून घेईल आणि पत्नीस सहकर्जदार म्हणून मुक्त केल्याचे बँकेचे पत्र देईल. तसे न झाल्यास पुढील ___ दिवसांत सदनिका विकण्यात येईल व कर्ज वजा जाता उरलेली रक्कम ___ प्रमाणात वाटली जाईल. दरम्यान पत्नीस भरावा लागलेला प्रत्येक हप्ता पती ___ टक्के व्याजासह परत करील.’

असं लिहिलेलं असलं म्हणजे समोरच्याने टाळाटाळ केल्यावर थेट दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) लावता येते. मोघम वाक्यावर दरखास्त लावायची म्हटलं की आधी त्या वाक्याचा अर्थ काय यावरच वाद सुरू होतो.

ज्या फ्लॅटबद्दल ठरतंय त्याचं पूर्ण वर्णन, क्षेत्रफळ, गट किंवा सिटी सर्व्हे क्रमांक, भागपत्राचा क्रमांक हे सगळं याचिकेतच घाला, फक्त कन्सेंट टर्म्समध्ये नको. नोंदणी कायदा १९०८ च्या कलम १७ प्रमाणे तडजोडीच्या हुकूमनाम्याला नोंदणीतून सूट मिळते, पण जी मिळकत दाव्याचा विषयच नव्हती तिच्यासाठी नाही.

पोटगी एकरकमी की दरमहा, तेही स्वच्छ लिहा. एकरकमी पोटगीवर सहसा आयकर लागत नाही, दरमहाची पोटगी उत्पन्न धरली जाते.

*तपासा:* टप्पा १ ची यादी समोर ठेवून एकेका ओळीवर खूण करा. जिच्यावर खूण झाली नाही ती ओळ म्हणजे पुढचा वाद.

टप्पा ७: हस्तांतर कधी आणि कोणत्या दस्ताने

सर्वांत जास्त पैसा इथे वाया जातो.

महाराष्ट्रात नवरा-बायकोंमध्ये राहत्या घराचं बक्षीसपत्र केलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. महापालिका हद्दीत अधिभार लागतो का, ते दुय्यम निबंधकांकडे आधी विचारा. ही सवलत नवरा-बायकोला आहे. हुकूमनामा झाला की तुम्ही नवरा-बायको नसता. मग त्याच हिश्श्याचं हस्तांतर बाजारभावावर पूर्ण मुद्रांक मागू शकतं. वरच्या उदाहरणात ४० लाखांच्या हिश्श्यावर पुण्याच्या सात टक्के दराने २ लाख ८० हजार होतात. आयकरातही जोडीदाराकडून आलेली भेट करमुक्त असते, घटस्फोटानंतर ते नातं उरत नाही.

पण याला दोन अटी आहेत. बक्षीसपत्र मोबदल्याशिवायच होतं. हिश्श्याच्या बदल्यात १८ लाख ठरले असतील, तर ते बक्षीसपत्र नव्हे. तिथे मोबदल्याचं हक्कसोडपत्र होतं आणि खरेदी केलेल्या मिळकतीत त्यावर खरेदीखतासारखाच मुद्रांक लागतो. दुसऱ्याच्या वाट्याचं कर्ज अंगावर घेणं हाही मोबदला धरला जाऊ शकतो. अशा वेळी मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी द्या आणि शुल्क लेखी ठरवून घ्या. दुसरी अट, फ्लॅट तारण असेल तर बँकेचं ना हरकत पत्र दस्ताआधी हवं.

*सावधान:* संमतीच्या घटस्फोटात न्यायालयात दोनदा अर्ज करावा लागतो आणि हुकूमनामा होईपर्यंत कुणीही संमती मागे घेऊ शकतं. नोंदवलेलं बक्षीसपत्र मात्र त्यामुळे आपोआप रद्द होत नाही. म्हणून पहिल्या अर्जाच्या दिवशीच घर देऊन बसू नका. दोन अर्जांमधला सहा महिन्यांचा काळ योग्य परिस्थितीत माफ होऊ शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटलं आहे. तो माफ होवो वा न होवो, कामाचा क्रम असा ठेवा: त्या काळात बँकेची प्रक्रिया पूर्ण करा, दस्ताचा मसुदा पक्का करा आणि दुसऱ्या अर्जाच्या अगदी आधीच्या दिवसांत नोंदणी करा. पोटगीची रक्कमही टप्प्यांत द्या, शेवटचा डिमांड ड्राफ्ट दुसऱ्या अर्जाच्या दिवशी न्यायालयासमोर.

दस्तावर सह्या झाल्या की चार महिन्यांत तो नोंदणीला द्यावा लागतो. त्यानंतर दंड भरून आणखी चार महिने मिळतात, पुढे नाही.

गोवा आणि परदेश

गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा चालू आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि वाटणी अर्धी-अर्धी होते. सामाईक देणीही त्यातच येतात. तिथे लग्न नोंदवलेल्यांनी वरचे मालकीचे नियम आपल्याला लागू आहेत असं धरू नये.

परदेशात घटस्फोट झाला आणि फ्लॅट ठाण्यात असेल, तर तिथल्या निकालाची प्रत दाखवून इथली सोसायटी नाव बदलत नाही. इथला नोंदणीकृत दस्त किंवा इथल्या न्यायालयाचा आदेश लागतो. त्यासाठी पाठवलेलं मुखत्यारपत्र भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्या. घर विकताना एक मालक अनिवासी असेल, तर खरेदीदाराला त्याच्या हिश्श्यावर वेगळ्या, जास्त दराने टीडीएस कापावा लागतो. हे खरेदीदाराला आधी सांगा, नाहीतर ऐन नोंदणीच्या दिवशी व्यवहार अडतो.

टप्पा ८: हुकूमनाम्यानंतर

हुकूमनाम्याच्या आणि कन्सेंट टर्म्सच्या तीन-चार प्रमाणित प्रती एकदमच काढा. झेरॉक्स सगळीकडे चालत नाही.

मग सोसायटीत हस्तांतराचा अर्ज आणि भागपत्रावर नाव, मिळकत पत्रिका किंवा सातबाऱ्यावर फेरफार, मालमत्ता कर, वीजबिल, गाडीची आरसी, फास्टॅग. कर्ज पूर्ण फिटलं असेल तर बँकेने मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे आहेत. बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कागद घेताना सरकारी नोंदीतला कर्जाचा बोजा उतरवल्याचाही पुरावा मागा.

नॉमिनी बदलणं बहुतेक जण विसरतात. बँक, पीएफ, म्युच्युअल फंड, डीमॅट, विमा, प्रत्येक ठिकाणी वेगळा अर्ज करावा लागतो. मृत्युपत्र केलेलं असेल तर तेही घटस्फोटाने आपोआप रद्द होत नाही, नवीन करा. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली घेतलेली पॉलिसी मात्र वेगळी. ती बायको-मुलांच्या नावे विश्वस्त निधीसारखी असते आणि नवऱ्याला एकट्याने लाभार्थी बदलता येत नाही. तिचे पुढचे हप्ते कोण भरणार हे टप्पा ६ मध्येच लिहून घ्यायला हवं.

दोन-तीन महिन्यांनी दोघांनी पुन्हा आपापला क्रेडिट रिपोर्ट काढा. ज्या कर्जातून तुम्ही बाहेर पडलात ते अजून तुमच्या नावावर दिसत असेल, तर मुक्ततेचं पत्र जोडून बँकेकडे आणि क्रेडिट ब्युरोकडे लेखी तक्रार करा आणि दुरुस्त रिपोर्ट हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.